दोन दीर्घिका, एकच क्रमांक

२ फेब्रुवारी, रविवार

पोचलो एकदाचे. ताईच्या दोन बॅगा, माझी एक, आणि पुस्तकांचं म्हणून बांधलेलं एक खोकं, ज्यात पुस्तकं चार आणि ताईची भांडीच जास्त निघाली. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते. तिथून वर वेधशाळेपर्यंत चढ आहे, पण न्यायला गाडी आली होती. खोकं उचलताना चालकाने आत लोखंड भरलंय का असं विचारलं, तर ताईने शांतपणे हो म्हणून सांगितलं. तो हसला, मग मीही हसलो. आज कशाचाही राग येऊ द्यायचा नाही असं ठरवूनच निघालो होतो, आणि खरंच आला नाही.

घर झकास आहे. दोन खोल्या, मध्ये पातळ भिंत, समोर लहानसं स्वयंपाकघर, आणि खिडकीतून सरळ दुर्बिणीचा पांढरा घुमट. उजेडाची खोली ताईने मला दिली. तिने दिली की मी घ्यायची, हा आमच्या घरातला जुना कायदा. पलंग माझ्या उंचीला पुरतो, कपाटाचं दार एका झटक्यात लागतं, नळाला पाणी आहे.

खरं सांगायचं तर ही नोकरी मला एकट्याला हवी होती. जाहिरात मी पाहिली, अर्ज मी आधी केला. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शाळेत, गल्लीत, नातेवाइकांत सगळीकडे मी 'ताईचं शेपुट'. चौतिशी उलटली तरी लोक मला भेटले की आधी ती कशी आहे ते विचारतात, आणि मग माझं नाव आठवायचा प्रयत्न करतात. त्यात तिची शाळा बंद पडली, तिनेही अर्ज टाकला, आणि दोघांचीही निवड झाली. पत्र एकच, पाकीट एकच, वर दोघांची नावं. चार दिवस मी धुमसत होतो. मग म्हटलं, असू दे. दोन टेबलं असतील, दोन खुर्च्या असतील, दोन सह्या असतील. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही. ही वहीही त्यासाठीच घेतली, निदान एवढी तरी माझी एकट्याची.

३ फेब्रुवारी, सोमवार

कामाचा पहिला दिवस. विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, आणि एकदा बोलायला लागल्या की मध्ये श्वासाला जागा न ठेवणाऱ्या. त्यांनी सगळं नीट समजावलं.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मोठा संसार. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक. दोन दीर्घिका एकमेकींच्या ओढीत सापडल्या की आधी जवळून जातात, तेव्हा त्यांचे तारे बाहेर खेचले जाऊन लांब शेपुट निघतं. मग दोघींमध्ये ताऱ्यांचा आणि वायूचा पूल तयार होतो. दूर जातात, परत येतात, आणि अशा काही फेऱ्या झाल्या की दोघींची मिळून एकच होते. आम्हाला पडद्यावर फोटो दिसतो आणि खाली चार बटणं असतात. दोन, शेपुट, पूल, एक. त्यातलं एक दाबायचं आणि वाटलं तर शेरा लिहायचा. दिवसाला तीनशे फोटो.

प्रत्येक फोटो जोडीतल्या दोघांनी वेगवेगळा बघायचा. आमच्या टेबलांमध्ये लाकडी पडदा आहे आणि कामाच्या वेळी बोलायला बंदी आहे. दोघांचं मत जुळलं की नोंद वहीत जाते. जुळलं नाही तर कोपऱ्यातल्या टेबलावरचे काका निकाल देतात. 'एक' असा निकाल लागला की त्या दोघींतल्या लहान दीर्घिकेच्या क्रमांकावर कारकून पट्टी धरून लाल रेघ मारतो. पुढे सगळी नोंद मोठीच्या क्रमांकाखाली.

मी विचारलं की एवढी टक्कर होते तर ताऱ्यांचा चुराडा होत असेल. बाईंना माझ्या अज्ञानाची गंमत वाटली. तारे एकमेकांपासून इतके लांब असतात की दोन दीर्घिका आरपार जातात आणि एकाही ताऱ्याला धक्का लागत नाही, असं त्या म्हणाल्या. ताई मान डोलवत होती. तिला सगळं आधीच माहीत असल्यासारखी ती नेहमीच मान डोलवते.

काका गमतीदार आहेत. स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणतात. आम्ही चहा घेतो, आमचा गुडघा दुखतो. एखाद्या सरदाराचा थाट. चहाही दोन कप घेतात, शेजारी शेजारी ठेवून, एकदा यातला घोट एकदा त्यातला. मी घरी येऊन त्यांची नक्कल केली तेव्हा ताई पोट धरून हसली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर किल्लीच्या मागे आहे. घराची किल्ली एकच मिळाली. माणसं दोन, येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या, म्हणून दुसरी मागितली. कारकून म्हणाला अर्ज भरा. भरला. म्हणाला दुसऱ्या रंगाचा भरा. तोही भरला. आज म्हणतो, किल्ली घरामागे एक असते. त्याला म्हटलं, घराला तोंड असतं तर मी घरालाच विचारलं असतं. पालथ्या घड्यावर पाणी.

कामात मात्र मजा आहे. ताईची आणि माझी मतं तिनातल्या एका फोटोला जुळत नाहीत. जिथे मला दोन केंद्रं लख्ख दिसतात तिथे ती 'एक' दाबून मोकळी होते. घरी आल्यावर आम्ही त्यावरून भांडतो. ती म्हणते, मला वेगळं काढायची हौसच आहे. मी म्हणतो, तिला सगळ्यांची मोट बांधायची सवय आहे, पस्तीस पोरांचा वर्ग सांभाळून हेच होणार. भांडण करून पोट भरतं माझं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं मत एकीकडे आणि माझं दुसरीकडे असं कागदावर लिहिलं जातंय, आणि कधी कधी काका माझ्या बाजूने निकाल देतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी शाबासकी दिली. या आठवड्यात आमची मतं शंभरात नव्वद जुळली. जोडी बसली म्हणाल्या. मला काही आनंद झाला नाही. मी काही बदललेलो नाही, मग बदललं कोण? ताईला विचारलं तर तिलाही तसंच वाटत होतं, आणि तिला वाटत होतं की मीच तिच्याकडे सरकलोय.

एक बारीकशी गोष्ट. 'शेपूट' हा शब्द मी जन्मभर 'शेपुट' असा लिहित आलोय. ताईने त्यावरून मला इतकं छळलंय की आता मुद्दामच तसा लिहितो. आज बाईंनी दोघांचे शेरे शेजारी लावून दाखवले. ताईनेही 'शेपुट' लिहिलं होतं, सात ठिकाणी. ताई, जी लग्नपत्रिकेतसुद्धा चूक दिसली तर पेन काढते. तिने कागद पाहिला आणि म्हणाली की बरोबरच तर आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दारावर पाटी आली. नुसतं आडनाव. आद्याक्षरं नाहीत, काही नाही. कारकुनाकडे गेलो तर त्याने वही उघडून दाखवली, राहणारे: एक. मी त्याच्यासमोर उभा, ताई माझ्या शेजारी उभी, आणि हा माणूस आम्हाला राहणारे एक म्हणून दाखवतो. मी आवाज चढवला. त्याने ताईकडे बघून, माझी समजूत काढावी अशी तिला विनंती केली.

जेवणघरातही तेच. वाढणाऱ्या मावशी समोर एकच ताट ठेवतात. दुसरं मागितलं की आणून देतात, चुकलं म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी परत एक. आज मी मागितलं नाही, बघू काय होतं म्हटलं. ताई जेवली. उठताना माझंही पोट भरलं होतं.

हे मी चिडून लिहितोय. मावशी विसरभोळ्या आहेत, कारकून गाढव आहे, आणि माझी भूक मेली असेल. पण माझे डोळे चांगले असताना तिच्या चष्म्यातून मला वाचता येतंय त्याचं काय?

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना जोडी बदलून मागितली. कारण विचारलं तर सांगितलं की बहिणीबरोबर काम करणं मला जमत नाही. ताई पडद्यापलीकडे ऐकत होती. तिला लागलं असणार, पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे कधीतरी बोलायलाच हवं होतं.

बाई नाही म्हणाल्या. वर एक फोटो उघडून दाखवला. पहिल्या भेटीनंतर दोघी लांब जातात, ही बघा मधली काळी जागा. बघणाऱ्याला वाटतं सुटल्या. पण त्या भेटीतच त्यांचा वेग खाल्ला गेलेला असतो. लांब जातात त्या परत यायलाच. मी विचारलं, हे मला कशाला सांगताय? त्या म्हणाल्या, मी कामाचंच बोलते आहे.

तीन दिवसांची रजा टाकली. खालच्या गावात जाऊन राहणार. ताईला सांगितलं की डोकं ठिकाणावर आणायला जातोय. तिने डबा करून दिला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लॉजची खोली. भिंतीला ओल, पंख्याला आवाज, तरी झोप मस्त लागली. सकाळी दोन तास बाजारात भटकलो. माझी भूक मला परत मिळाली, चष्मा न लावता पाटी वाचली. आणखी दोन दिवस असं राहिलं तर मी बरा होणार. हे सगळं त्या टेबलांच्या जवळिकीचं आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी औषधाच्या दुकानात गेलो. गुडघ्याला चोळायचं मलम घेतलं. घरी पोचल्यावर ताईला देऊ म्हणून. बाहेर येऊन पायरी उतरताना कळ आली ती माझ्या गुडघ्यात, उजव्या. ताईचा उजवाच दुखतो.

लॉजवर येऊन पाहुण्यांची वही मागितली. परवा आलो तेव्हाची सही बघितली. ताईची सही आहे. तिचा तो शेवटचा फरकाटा, वेलांटीला मागे नेऊन मारलेला. मला तो मारता येत नाही, लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मारायचा प्रयत्न करून मार खाल्लाय. लॉजवाल्याला विचारलं, सही कुणी केली? तो म्हणाला, ताई, तुम्हीच की.

१ मार्च, शनिवार

परत आले.

ही चूक मी खोडत नाही. वर तसंच राहू दे, म्हणजे पुन्हा लिहिताना लक्षात राहील. परत आलो. मी आलो. ताई फाटकापाशी उभी होती. कधी येणार हे मी तिला कळवलं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

आज काकांना गाठलं. जेवणाच्या सुट्टीत, ते दोन कप मांडून बसले असताना. त्यांना सरळ विचारलं की ते स्वतःला आम्ही का म्हणतात. ते म्हणाले, दोघं होतो ना आम्ही. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच दिवशी इथे कामाला लागले, एकोणीस वर्षांपूर्वी. मग विचारलं की ते त्यातले कोण. मोठे की धाकटे? काकांनी दोन्ही कप सरकवून एकमेकांना टेकवले. म्हणाले की हा प्रश्न सुरुवातीला त्यांनाही पडायचा. मग जमतं. त्रास काही होत नाही. धक्का लागत नाही.

मला ओरडावंसं वाटलं. एवढं माहीत असून हा माणूस रोज आमच्या मतांचे निकाल देत बसला होता.

कारकुनाकडून कर्मचाऱ्यांची वही हिसकावूनच घेतली. दीर्घिकांच्या वहीसारखीच आखलेली आहे. काकांच्या पानावर दोन नावं, एकावर लाल रेघ. रेघ इतकी जाड की खालचं नाव वाचता येत नाही. आमच्या पानावर आमची दोन नावं, आणि खाली छापील नियम. सलग तीन दिवस तीनशेपैकी तीनशे मतं जुळल्यास जोडीला एक निरीक्षक समजावे. लहान नोंद रद्द करावी. कारकून म्हणाला की नियम भिंतीवरही लावलेला आहे, लोक वाचत नाहीत त्याला तो काय करणार. काल आमची दोनशे एक्याण्णव जुळली.

७ मार्च, शुक्रवार

ताईला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. तिने खिडकी लावली आणि बसून घेतलं. तिलाही दिसत होतं सगळं. शाळेत ती कुणावर आवाज चढवत नव्हती, आणि परवा मावशींना एका ताटावरून अशी तोडून बोलली की मावशी रडल्या. तिला म्हटलं, इथून जाऊ. ती लगेच उठली. भराभर बॅगा भरायला घेतल्या तर दोघांचं सगळं सामान एका बॅगेत मावलं. येताना तीन होत्या. आम्ही दोघं त्या एका बॅगेकडे बघत बसलो आणि मग ती उघडून सगळं परत कपाटात लावलं. बरोबर गेलो काय आणि बरोबर राहिलो काय, बरोबरच.

मग माझ्या डोक्यात 'लहान नोंद' शिरली. सामानाच्या कोठीत वजनकाटा आहे. मी एकाहत्तर किलो, ताई बावन्न. काट्यावरून उतरताना मला आधी बरं वाटलं. हे मी लिहून ठेवतो, कारण मला त्याची लाज वाटते. पुढच्याच क्षणी ताईचं तोंड दिसलं. तिने मला चालायला शिकवलंय.

बाईंकडे धावलो. म्हटलं ताईला बदली द्या, सुट्टी द्या, हाकलून द्या, काहीही करा. त्या म्हणाल्या की दिसतं त्यावर लहानमोठं ठरवायचं नसतं, ही नवख्यांची नेहमीची चूक. दीर्घिकेतले तारे म्हणजे तिचा थोडासाच भाग. खरं वजन न दिसणाऱ्या वस्तुमानाचं, आणि ते कुठल्याच फोटोत येत नाही. ते ओळखायची एकच रीत. कोण कुणाभोवती फिरतंय ते बघायचं.

मी खुर्चीतून उठलो नाही. बाईंनी पाणी दिलं.

ताईसाठी घाबरत होतो मी. मूर्ख.

११ मार्च, मंगळवार

स्वयंपाकघराच्या दारात ताई आणि मी समोरासमोर आलो. ती बाहेर येत होती, मी आत. बाजूला व्हायचं दोघांनाही सुचलं नाही. मी आत पोचलो. ती बाहेर पोचली. दार अडीच फुटांचं आहे. धक्का लागला नाही.

क्षणभर तिचं सगळं आयुष्य माझ्या अंगातून गेलं. तिच्या वर्गातली पोरं, फळ्याची धूळ, आई गेली तेव्हा तिने मला न दाखवता केलेलं रडणं. मागे वळून बघितलं तर ती भिंतीला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून म्हणाली की मला एवढा राग साठवून ठेवायला कधी वेळ मिळाला. तिला माहीतच नव्हतं म्हणे. मग आम्ही जमिनीवर बसून खूप रडलो. कोण किती ते सांगता येणार नाही.

आज तीनशेपैकी तीनशे. पहिला दिवस.

१२ मार्च, बुधवार, सकाळ

युक्ती सापडली. ताईनेच काढली. साधी आहे. आज फोटो बघायचेच नाहीत. मी सगळ्या तीनशे फोटोंना 'एक' दाबायचं, ताईने सगळ्यांना 'दोन'. एकही मत जुळणार नाही. बाई रागावतील, कामावरून काढतील, काढू देत. इथे लिहून ठेवतो, म्हणजे घोळ नको. मी: एक. ताई: दोन.

१२ मार्च, संध्याकाळ

ठरल्याप्रमाणे सगळे तीनशे 'दोन' दाबले. बोट दुखायला लागलं पण चुकले नाही. बाहेर आल्यावर ताईला विचारलं, ती म्हणाली की तिनेही ठरल्याप्रमाणे 'दोन' दाबले. मी तिच्यावर खेकसलो. 'दोन' माझं होतं. ती म्हणाली की तिचं होतं, युक्ती तिचीच होती. मी म्हटलं युक्ती माझी होती. घरी येऊन ही वही उघडली.

मी: एक.

तीनशेपैकी तीनशे. दुसरा दिवस. डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय. जगात कुणालाही जमली असती अशी सोपी गोष्ट.

१३ मार्च

कामावर जात नाही. खोलीत आहे. आतून कडी घातलीय. ताई बाहेरून म्हणाली की हेच बरोबर, माझं मत नसेल तर जुळणार कशाशी. ती गेली. मी टेबलावर वही घेऊन बसलोय. मी इथे आहे. मी पुरुष आहे, चौतीस वर्षांचा, एकाहत्तर किलो, मला पालकाची भाजी आवडत नाही, मला लोक वेळेवर उत्तर देत नाहीत याचा राग येतो. मी इथे बसलोय. बसलोय. बसलोय.

तीन वाजता — समोरच्या भिंतीवर फोटो. म्हणजे भिंतच आहे, पण मला दिसतायत. पूल. पूल. शेपुट. एक. मी काही दाबत नाही. हात मांडीखाली घेऊन बसलोय. बोट मात्र —

सहा. कारकून चिठ्ठी सरकवून गेला दाराखालून. तीनशेपैकी तीनशे. मी गेलोच नव्हतो. मी गेले नव्हते. मी गेलो न

१४ मार्च

ताई सकाळपासून कारकुनाशी भांडतेय. इथून ऐकू येतंय. तो म्हणतोय तीन दिवस झाले, रेघ मारावी लागेल. ती म्हणतेय माझ्या भावाचं नाव आहे ते. ती माझ्यासारखी भांडतेय, अगदी माझे शब्द, टेबलावर मूठ. शाब्बास ताई. तिला असं ओरडता येत नव्हतं कधी.

खोलीत उजेड कमी — नाही, खोलीच कमी. मधली भिंत दिसत नाही.

आता ती गप्प झाली. पट्टीचा आवाज.

ताई, मला तुझ्यापासून लांब जायचं नव्हतं गं, मला फक्त एकदा वेगळं मोज

१५ मार्च, शनिवार

ही वही कपाटात सापडली. अक्षर माझंच आहे, पण लिहिताना स्वतःला पुरुष समजून लिहिलंय. का ते आठवत नाही. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. सुधारायला लाल पेन घेतलं आणि एकही सुधारवली नाही.

आज सुट्टी. मी एकटीच राहते, घर मोठं आहे, एक खोली, उजेड चांगला. मावशींनी ताट वाढलं, चांगलं वाढलं, तरी मी त्यांच्यावर चिडले. कारकुनावर चिडले. सकाळपासून नुसती चिडतेय, आणि कशावरून ते कुणाला सांगता येत नाही. वर्गातली तीस पोरं सांगतील, मी कधी चिडत नसे. तीस नाही. किती? पस्तीस पोरं.

बाई येऊन गेल्या. त्रास होतोय का विचारलं. नाही म्हटलं. घरी कुणाला कळवायचं आहे का विचारलं. त्यांना सांगितलं की मला कुणी नाही, भाऊ वगैरे नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली सही मागितली. सही करताना हात थांबला. चार वेळा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या की आधी इथे वहीत लिहून सराव करा, मग जमेल.

मला भाऊ नाही.

मला भाऊ नाही. मला भाऊ

मला भा